डोमाजीभाऊंचा डावा हात

तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं आणि बरीच पोरं नापास केली. मला नापास करणारा माणूस मात्र जन्मात एकच भेटला, आरमोरीचे डोमाजीभाऊ मिस्त्री. विषय होता, ट्रॅक्टरचा आवाज तोंडाने काढून दाखवणे.

त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये कुणी बिघडलेलं यंत्र आणलं, की ते यंत्राकडे बघतच नसत. आधी आणणाऱ्याला लाकडी पेटीवर बसवत, स्वतः डोळे मिटत आणि म्हणत, "हां. आवाज काढून दाखवा जी." मग तो वनरक्षक असो, सरपंच असो, की कमरेला पट्टा आवळलेला जमादार असो, त्याला बाजाराच्या रस्त्याकडे तोंड करून धर्रर्र, फट्-फट्, फुस्स असं सगळं करावं लागे. धानाच्या रोवणीच्या तोंडावर तिथे रांग लागायची आणि रांगेतले लोक पुढच्याचं ऐकत आपापला सराव करायचे. वैरागडकडच्या एका बाईने तर आपल्या पंपाचा असा खोकला काढला होता, की भाऊंनी डोळे न उघडताच निकाल दिला, "बाई, टाकीत पानी गेलं तुमच्या. घरी जाऊन टाकी उलटी करा. इथी आनाची गरजच नाई."

माझी पाळी आली ती वडिलांच्या जुन्या विलायती ट्रॅक्टरपायी. पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि तापला की रॉकेलवर चालायचा, असला तो प्राणी. मी पेटीवर बसलो, घसा साफ केला आणि वर्गात पाढे म्हणावेत तसं स्वच्छ उच्चारात म्हणालो, "फट. फट. फट. फट."

"हे पुस्तकातलं इंजिन झालं, मास्तर. तुमचं कसं करते थे सांगा."

मी गाल फुगवले. मान हलवली. जोर यावा म्हणून एक पायही आपटला. एवढ्यात रस्त्यावरून माझ्याच सातवीच्या वर्गातली चार पोरं चालली होती, ती थांबली. पोरांदेखत आता माघार कशी घ्यायची म्हणून मी असा काही जोर लावला, की शेवटी मला ठसकाच लागला. डोमाजीभाऊंनी एक डोळा उघडला.

"राहू द्या जी. ट्रॅक्टरच घेऊन या."

भाऊ अंगाने शेलाटे, उंच, खांदे किंचित पुढे आलेले. यंत्राला हात लावण्यापूर्वी ते साबणाने हात धुवायचे. बाकीचे मिस्त्री काम झाल्यावर धुतात; हे आधीही धुवायचे आणि नंतरही. दिवसभर खर्रा तोंडात असला तरी कार्बोरेटर उघडायचा म्हटलं की आधी बाहेर जाऊन थुंकून, चूळ भरून येणार. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "त्याच्या तोंडाशी तोंड न्या लागते ना जी." आणि यंत्र दुरुस्त झालं असं त्यांनी कधी स्वतःच्या तोंडाने सांगितलं नाही. "काय झालं भाऊ, होते का?" असं कुणी विचारलं की इंजिनावर तळवा ठेवून क्षणभर थांबायचे आणि निरोप द्यायचे, "चालतो म्हनते." नाहीतर, "आज नाई म्हनते."

पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे पत्रावळ. मोठ्या गावातले मिस्त्री सुटे भाग तसराळ्यात टाकतात, डब्यात टाकतात. डोमाजीभाऊ पळसाच्या पानांची पत्रावळ मांडत आणि कार्बोरेटरचे भाग तिच्यावर लग्नाच्या पंगतीत वाढतात तसे वाढत. मिठाच्या जागी सुई. लोणच्याच्या जागी जेट. भाताच्या जागी तो पोकळ पितळी फुगा. भाजीच्या जागी स्प्रिंगा आणि वॉशर. पन्नास वर्षं पंगतीत जेवलेल्या माणसाला ताटात काय वाढायचं राहिलं ते बघावं लागत नाही, नजरच अडते. भाऊंची तशी अडायची. "लोनचं कुठी गेलं?" असं ते पुटपुटले की समजावं, जेट पेटीखाली घरंगळला.

जेट म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सगळा जीव त्याच्यातच अडकणार आहे. करंगळीच्या नखाएवढा पितळेचा स्क्रू. मधोमध बारीक भोक. इंजिनाला किती तेल प्यायला मिळणार ते या भोकावर ठरतं. डोक्यावर पेचकस बसायला एक खाच असते. भोक तुंबलं तर भाऊ त्यात सिंदीच्या झाडूची काडी घालत, कधीच तार नाही. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं. हे त्यांनी मला दहा वेळा सांगितलं होतं. मास्तर असल्यामुळे मला सांगायची सवय, ऐकायची नाही.

त्या पत्रावळीचा मी एकदा सत्यानाश केला. आमच्या शेतावर बांधालगत भाऊ ट्रॅक्टरचा कार्बोरेटर उघडून बसले होते. दुपारी घरून डबा आला. भात, वरण, वांग्याची भाजी. तिघांच्या पत्रावळी मांडल्या, भाऊ, मी आणि आमचा सालदार. जेवणं झाली, मी उठलो. आपल्याकडे आपली पत्रावळ आपण उचलायची हे वळण लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यातून भाऊ पाहुणे. मी मोठ्या आदराने माझी उचलली, त्यांची उचलली, सालदाराची उचलली, शेजारी आणखी एक होती तीही उचलली, चारीची छान घडी घातली आणि बांधाच्या पलीकडे उकिरड्यावर भिरकावून दिली. हात धुऊन आलो तर भाऊ जागच्या जागी बसून माझ्याकडे बघत होते.

"मास्तर, तुमचं जेवन झालं. इंजिनचं होऊ द्याचं होतं ना जी."

मग आम्ही तिघं दोन तास उकिरडा चिवडत होतो. भाऊ एकेक भाग भातातून निवडून काढत होते आणि मी सापडलेला प्रत्येक तुकडा उत्साहाने उचलून दाखवत होतो. त्यातला एक वांग्याचा देठ निघाला. शेवटी एका वॉशरखेरीज सगळं मिळालं. वॉशर त्यांनी माझ्या चपलेच्या चामड्यातून कापला. माझी परवानगी घेतली नाही, आणि मी नाही म्हणायच्या परिस्थितीत नव्हतो.

एका पावसाळ्यात भामरागडच्या पलीकडल्या एका गावाने त्यांना नेलं. तिथली धान भरडायची गिरणी बंद पडली होती आणि बाया उखळावर आल्या होत्या. भाऊ नदी ओलांडून गेले, आणि मागोमाग नदी चढली. सतरा-अठरा दिवस रस्ता बंद. शेवंताबाई, म्हणजे त्यांची घरवाली, रोज बसस्टँडवर जाऊन कंडक्टरांना विचारायची. भाऊंना तिथली माडिया बोली येत नव्हती आणि गिरणीवाल्या म्हाताऱ्याला मराठीचे चार शब्द. परत आल्यावर मी विचारलं, "मग बोलत कसे होते तुम्ही?"

"बोलाचं कायले? थो इंजिनचा आवाज काढे, मी ऐको. मंग मी काढो, थो ऐके. भल्ला मानूस. असा आवाज काढनारा मी पाह्यला नाई." मग माझ्याकडे बघून सहज पुढे म्हणाले, "तुमी एकदा जाऊन या त्याच्याकडे."

तर असा हा माणूस, आणि असा मी. आमचा ट्रॅक्टर त्यांच्या हातावर पुष्कळ वर्षं चालला. पुढे रेशनचं रॉकेल बंद झालं तसा तो गोठ्यात उभा राहिला, कोंबड्या त्याच्या सीटवर अंडी घालू लागल्या. मी निवृत्त झालो आणि रिकामपणाने माझ्या डोक्यात भरवलं की वडिलांचा ट्रॅक्टर आपण पुन्हा सुरू करायचा, नुसत्या पेट्रोलवर का होईना. भाऊंकडे न्यायचं ठरवलं होतं. पण त्याच हिवाळ्यात एका सकाळी साबणाने हात धुता धुता भाऊ न्हाणीपाशी खाली बसले ते उठलेच नाहीत. लकवा. उजवं अंग गेलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात पंधरा दिवस होते.

त्या पंधरा दिवसांत शहाण्या माणसाने काय करावं? भेटायला जावं. मी दोनदा गेलो. उरलेले तेरा दिवस मी मोबाईलवर कुणा गोऱ्या म्हाताऱ्याचे व्हिडिओ बघून कार्बोरेटर उघडला. तो म्हातारा जेट कसा चुटकीसरशी काढत होता! माझा निघेना. आधी मी भोकात तार घातली. (दहा वेळा सांगितलं होतं.) मग दारांच्या बिजागरीला लागतो तो रुंद पेचकस लावून जोर दिला. खाचेचा एक कान, म्हणजे एका बाजूची कड, मोडला. मग पकडीने धरला. दुसरा कान मोडला. मग छिन्नी. कार्बोरेटर जुन्या जस्ताचा, तसा दुसरा आता मिळत नाही, म्हणून निदान हातोडीचा घाव हलका घातला. एवढं एक शहाणपण नोंदवून ठेवतो. जेटच्या जागी उरला पितळेचा चोथा, गच्च अडकलेला.

भाऊ घरी आले. मी भेटायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून निजले होते. शब्द सगळे गेले होते. तोंडातून निघे ते एकच, "अं." शेवंताबाई मला अंगणात घेऊन आली.

"मास्तर, हे असेच भिताडाकडे पाहून राह्यते. डाक्टर म्हने, बसवा, डाव्या हातानं काई करू द्या, तं मानूस उभा राहीन. पडूनच राह्यला तं गेला समजा. मी बसवतो, हे पडते. मी भात भरवतो, हे तोंड मिटून घेते. तुमी काई तरी करा जी."

"मी काय करू, बाई?"

"बिघडलेलं काई आना ना."

या एका बाबतीत मला कुठे शोधायला जावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्बोरेटर फडक्यात बांधून नेला आणि त्यांच्या उशाशी ठेवला. बराच वेळ काही नाही. मग पेट्रोलचा वास नाकात गेला असावा. मान वळली. शेवंताबाईने पाठीला गोधडी लावून बसवलं. डावा हात सरकत आला आणि अंगठा त्या चोथ्यावरून फिरला. एकदा, दोनदा. मोडलेल्या कानांवरून, छिन्नीच्या घावावरून. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अं?" म्हणाले. तुम्हाला समजलंच असेल, त्यात काय काय होतं. आणि चेहऱ्याचा अर्धा भाग हसला. शेवंताबाई पदर तोंडाला लावून आत गेली. मी माझ्या आयुष्यात एवढं यशस्वी काम कधी केलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी डोळ्यांनी फळीवरची बाटली दाखवली. मोहाच्या बियांचं तेल, टोरीचं. त्यांनी थेंबभर जेटच्या आट्यावर सोडलं आणि हात हलवला. जा. मी विचारलं, "आता फिरवून बघू?" डोळे मिटून घेतले त्यांनी. दुसऱ्या दिवशी थेंबभर. तिसऱ्या दिवशी थेंबभर. मी रोज दुपारी स्कूटर काढून जायचो, थेंब पडलेला बघायचो आणि परत यायचो. पण भाऊ माझी वाट बघत बसलेले असायचे. बसलेले, हे महत्त्वाचं. शेवंताबाई दारातच सांगायची, "आज दोनदा भात घेतला." "आज सोताच उठाले पाहे." 

पाचव्या दिवशी तापवायचं ठरलं. मला वाटलं, तापवायचं म्हणजे चूल. मी कार्बोरेटर उचलून जाळावर धरायला निघालो तसे भाऊ एवढ्या जोराने "अं! अं! अं!" करून उठू लागले की बाजेवरून पडतापडता वाचले. जस्त जाळावर वितळतं, हे मला ठाऊक नव्हतं. उकळत्या पाण्याचं पातेलं त्यांनी दाखवलं. मी कार्बोरेटर त्यात सोडला, बाहेर काढला, आणि त्यातलं निम्मं पाणी माझ्या पायावर. मी अंगणभर एका पायावर नाचलो. भाऊंचा अर्धा चेहरा दिवसभर हसत होता.

मग मी हाताने फिरवायच्या ड्रिलने जेटचं भोक जरासं वाढवलं. ते माझ्या हाताकडे बघत, मी त्यांच्या भुवईकडे. भुवई चढली की थांबायचं. एवढीच आमची भाषा उरली होती. आट्याला ड्रिल लागलं असतं तर सगळं संपलं असतं, लागलं नाही. मग त्यांनी एक जुनी तिकोनी कानस दाखवली. कानशीचं शेपूट असतं ना, मुठीत जाणारं, चौकोनी निमुळतं, ते त्या भोकात उलटं बसवायचं आणि हातोडीच्या दोन हलक्या टिचक्या द्यायच्या. ते पितळेत रुततं. मग ते फिरवलं की जेटही फिरतो. मी टिचक्या दिल्या. आता फिरवायचं एवढंच बाकी.

चोथा तुटला, तर आत राहिलेला तुकडा जन्मात निघणार नव्हता. आणि तो निघाला नाही तर या माणसाला भिंतीकडे वळताना मला बघावं लागणार होतं. मी कानस धरत होतो, सोडत होतो. भाऊंनी माझा हात बाजूला केला. सावकाश, रागावून नाही.

त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, मांडीवर एखादा दगड पडलेला उचलावा तसा, आणि कार्बोरेटरवर ठेवला. दाबून धरायला. पण त्या हातात वजन तेवढं होतं, पकड नव्हती. डाव्याने कानस फिरवू लागले तसा कार्बोरेटरही फिरू लागला. पुन्हा ठेवला. पुन्हा फिरला. मी पुढे होणार तेवढ्यात शेवंताबाई चुलीपाशी होती ती आली, बाजेपाशी खाली बसली आणि तिने आपले दोन्ही तळहात त्या मेलेल्या हातावर ठेवून सगळं अंग त्याच्यावर टाकलं. भाऊंचा डावा हात फिरला. थांबला. पुन्हा फिरला. कर्र झालं. माझा जीव गेला. पण तुटला नव्हता, सुटला होता. जेट वर आला, आटा न आटा शाबूत, हिरवा, तेलात भिजलेला.

शेवंताबाईने हात काढला नाही. बराच वेळ तशीच दाबून बसली होती.

मी तो जेट घेऊन नाचत निघालो. गडचिरोलीतल्या एका लेथवाल्याकडून त्याच मापाचा नवा करवून घेतला, बसवला, आणि चौथ्या दिवशी ट्रॅक्टर चालू झाला. सीटवरची कोंबडी उडून छपरावर जाऊन बसली. मी मोबाईलवर आवाज भरून घेतला. या खेपेला नक्कल नाही, अस्सल. आता भाऊ मला नापास करूच शकणार नाहीत अशा तोऱ्यात गेलो आणि मोबाईल त्यांच्या कानाशी धरला.

त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. संपलं तसं मी विचारलं, "भाऊ, काय म्हनते?"

त्यांनी छताकडे पाहिलं आणि हळूच भिंतीकडे वळले.

मला वाटलं, थकले असतील. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. शेवंताबाई अंगणात धान पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "थो जेट निघाला ना जी, तवापासून असंच. थो अडकला होता तं हे रोज बसे. मास्तर आला का, असं डोऱ्यानं इचारे. आता कायसाठी बसन?" माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मला दोष देत नव्हती ती, नुसतं सांगत होती. मी मात्र उभ्या उभ्या हिशेब केला की घाई कुणाला होती. दहा दिवस थेंब थेंब तेल सोडायला हवं होतं, महिनाभर सोडायला हवं होतं. मला तो जेट काढायचा होता. भाऊंना तो अडकलेला हवा होता, आणि हे मला कळायला तो निघावा लागला.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम चूक करायचं ठरवलं.

शेजाऱ्याच्या भंगारातून एका जुन्या पंपाचा कार्बोरेटर आणला. गोठ्यात बसून त्याच्या जेटच्या खाचेचा एक कान कानशीने घासला. दुसरा वाकवला. मग तो घट्ट आवळून अडकवायचा होता, पण तिथे माझा धीर झाला नाही. उगाच काही फुटलं तर, म्हणून बोटानेच फिरवून ठेवला. आजवर मी फुकटात डझनावारी यंत्रं बिघडवली, एकाही वेळेला एवढा त्रास झाला नव्हता. एवढी मेहनत करून निघाला तो मिळमिळीत बिघाड.

गेलो. "भाऊ, हा बघा, पुन्हा केलं मी," असं उसनं हसत म्हणालो. शेवंताबाईने बसवलं. त्यांचा अंगठा जेटवर गेला आणि तिथेच थांबला. घासलेलं पितळ नव्या लुगड्याच्या जरीसारखं चमकत होतं. खऱ्या बिघाडाला काळं, हिरवं काही चढलेलं असतं. तेल, घाम, मास्तराचा मूर्खपणा, असं काहीतरी. याला काही नव्हतं. भाऊंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. शाळेत कॉपी करताना धरलेलं पोर जसं पायाच्या अंगठ्याकडे बघतं तसं मी बघत होतो.

"का झालं जी?" शेवंताबाईने विचारलं. "मोठा बिघाड हाय का?"

भाऊ तिच्याकडे बघून म्हणाले, "अं." आणि मान हलवली. मोठा हाय.

त्यांनी पाठ गोधडीवरून सोडवली आणि सरळ बसले. पेचकस घेतला. घासलेला कान सोडून वाकवलेल्या कानावर टेकवला, एकदा फिरवला, जेट निघाला. मी काही बोलणार, तोवर त्यांनी तो पुन्हा जागेवर बसवला, या खेपेला घट्ट, पेचकस माझ्या हातात दिला आणि माझं मनगट धरलं.

मी घाईने फिरवायला गेलो, तसं त्यांनी मनगट खाली दाबलं. पेचकस खाचेत रुतला. दाबून झाल्यावर हलकेच डावीकडे वळवलं. निघाला. त्यांनी बोट दाखवलं, परत बसव. बसवला. काढ. काढला. पुन्हा. मी चुकलो की मनगट दाबायचे. बरोबर केलं तरी दाबायचे. आधी दाबायचं, मग वळवायचं. तीस वर्षांत एवढी साधी गोष्ट त्यांनी मला शिकवली नव्हती, कारण ते होतेच ना. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. श्वास जड झाला होता. शेवंताबाई म्हणाली, "पुरे करा ना जी आता," तर त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ऊन अंगणातून सरकत धान साठवायच्या पेवाच्या कडेपर्यंत गेलं तोवर तो जेट मी पंधरा-वीस वेळा तरी काढला आणि बसवला असेल. शेवटच्या खेपेला त्यांनी मनगट धरलं नाही. मी दाबलं, वळवलं, निघाला.

मग ते एकदम खचले. शेवंताबाईने खांद्याखाली हात घालून निजवलं. त्यांनी डोळ्यांनीच काही सांगितलं आणि तिने त्यांना कुशीवर वळवलं, भिंतीकडे.

"उद्या येतो, भाऊ," मी म्हणालो.

आठवड्याच्या आत ते गेले. त्यामधल्या दिवसांत मी दोनदा गेलो, पण ते झोपलेले असायचे. म्हणून शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशीचं समजतो. मी दारात चपला घालत होतो. त्यांची पाठ माझ्याकडे होती, बनियन घामाने चिकटलेलं. काही हललं म्हणून मी पाहिलं. तोंड भिंतीकडेच होतं, पण डावा हात अंगावरून वर आला होता. हवेत त्यांनी तो खाली दाबला. थांबले. मग हलकेच डावीकडे वळवला.